कृत्तिकांची धूळ

“मोजतोय!” एवढंच ओरडून आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर डावा हात वर करायचे. मग समोर सरपंच असो की साप, पाऊण तास माणूस ठार बहिरा.

असा एक नमुना तुमच्याही गावात असेलच. आमचा काटेवाडीच्या अलीकडे, उसातल्या वस्तीवर राहायचा. नव्वदच्या दशकात जग रंगीत टीव्हीपुढे बसलेलं, आणि सर अंगणात. दोन फळ्यांना बिजागरी मारून वर कॅमेरा बांधलेला. आकाश सरकतं, त्याच्यासोबत कॅमेराही वळावा म्हणून दर मिनिटाला खालचा स्क्रू एक फेरा फिरवायचा. कृत्तिकांभोवती धुळीचा फिकट ढग आहे म्हणे. डोळ्यांना दिसत नाही, फिल्मवर पाऊण तासानं उमटतो. लाइट गेली की अख्खी वस्ती शिव्या घालायची आणि सर खुशीत फळ्या बाहेर काढायचे.

फोटो पुण्याहून धुऊन आले की स्टाफरूममध्ये प्रदर्शन. मी गणिताचा मास्तर, जिभेला हाड नाही. “सर, ह्याच्यावर चहा सांडला का?” सगळे खिदळायचे. “पुढच्या अमावास्येला बघा,” सर म्हणायचे. असं सहा वर्षं चाललं.

शेवटी एका थंडीत सगळं जुळलं. आभाळ निरभ्र, वीज गायब. सर मोजायला बसले, आणि मागच्या दारी त्यांची म्हातारी आई पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, पण तिनं हूं की चूं केलं नाही. पंचेचाळीस फेरे संपवून सर घरात गेले तेव्हा सापडली.

“आये, हाक का न्हाय मारलीस?”

“तू मोजत हुतास न्हवं?”

तिच्याच हट्टानं रोल पुण्याला गेला. सर आईपाशी दवाखान्यात, म्हणून शाळेत आलेलं पाकीट मी फोडलं. नुसतं पांढुरकं धुकं. फोटो काढला त्या दिवशी पाटाच्या पाण्याची पाळी होती. ह्या शहाण्यानं स्वतःच घराभोवतीच्या उसाला पाणी सोडलं होतं आणि त्या ओलाव्यानं लेन्सवर दव धरलं होतं. मला सरांचा भयंकर राग आला. रडूही आलं.

बारामतीच्या दवाखान्यात जाऊन पाकीट दिलं. सरांनी फोटो पाहिला आणि गुपचूप खिशात घातला.

“आलं का रं?” म्हातारीनं खाटेवरून विचारलं.

सरांनी डायरीत जपलेला गेल्या वर्षीचा फोटो काढून तिच्या हातात दिला. “आलं, आये.”

तिनं तो लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला, मग माझ्यापुढे केला. “बघा गुरुजी, कसं झ्याक आलंय.”

सर खिडकीकडे तोंड करून उभे होते.

“व्हय आजी,” मी म्हणालो, “लई झ्याक आलंय.”