जिन्यात अडकलेलं कपाट

सामान हलवणाऱ्या मंडळींत पैलवानाला तोड नव्हती. शिलाई मशीन तो काखेत मारून न्यायचा. त्याच्या डोळ्यांत खुपायचा तो एकच माणूस, त्याचा जोडीदार डावंउजवं. किडकिडीत गडी, जिन्यात उभा राहून नुसता "डावं घे, उजवं घे" म्हणायचा.

"नुसते हात हलवायला मला माणूस नको," पैलवान एका सकाळी कडाडला. "बस खाली टेम्पोत माशा मारत!"

आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं लोखंडी कपाट पाठीवर घेऊन तो एकटाच जिना चढू लागला. दुसऱ्या वळणावर कपाट अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. बाटलीत बूच बसावं तसा पैलवान भिंतीला घट्ट बसला. काकूंनी कठड्यावरून वाकून त्याला चमच्याने चहा पाजला. शेवटी, नाक मुठीत धरायलाही हात मोकळा नव्हता, तरी त्याने जोडीदाराला हाक मारली.

डावंउजवं आला. मान तिरकी करून त्याने खालून वर नीट पाहिलं.

"कपाटाचं काही नाही," तो म्हणाला. "तुझं पोट अडकलंय. श्वास सोड."

पैलवानाने श्वास सोडला आणि कपाट सुळकन वळलं.

दुसऱ्या दिवशी एका आजींचं फक्त एक स्टूल वर न्यायचं होतं. पैलवान ते काखेत मारून पहिल्या पायरीशी उभाच.

"अरे, चढ की!" आजी म्हणाल्या.

"थांबा हो आजी," पोट आत ओढत पैलवान म्हणाला, "आमचे साहेब येऊ देत."