डिकीतलं तांदळाचं पोतं

मुलांनो, आज या हिवाळ्यात पहिल्यांदा गाडीचा हीटर लावला आणि तापल्या धुळीचा वास येताच मी खिडकी खाली केली.

अमेरिकेत ॲन आर्बरच्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात गाडी बर्फावर घसरू नये म्हणून शेजारचे लोक डिकीत वजनाला वाळूचं पोतं ठेवत. तुमच्या आजोबांनी तांदळाचं ठेवलं. "वाळू काय खाता येते?"

सासूबाई प्रथमच येणार होत्या. त्यांनी नावं ठेवू नयेत म्हणून मी गाडी आतून लख्ख पुसली होती. विमानतळावरून निघताना हीटर लावला, तशी मेलेल्या उंदराची कुजकी दुर्गंधी तोंडावर आली. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. मला ओकारी आवरेना.

"तांदळासाठी आलेला उंदीर हीटरच्या नळीत मेला असेल," आजोबा म्हणाले. "वरचा तांदूळ टाकू, खालचा धुऊन घेऊ."

"आधी तू खा, मेल्या! सूनबाई, फेक ते पोतं."

सासूबाई पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलल्या होत्या. किळस मात्र अजून गेलेली नाही.