आरशाचं कपाट

वडील गेल्यानंतर मी आईला हैदराबादला घेऊन आले. खरं म्हणजे आणत राहिले. ती यायची, पंधरा दिवस राहायची आणि काचीगुडा स्टेशनावर गाडीत बसून परत गावी जायची. नल्लकुंट्यातल्या माझ्या घरात तिला वेगळी खोली होती, खिडकीशी पलंग होता. तरी तिच्या साड्या पलंगाखालच्या पिशवीतच असायच्या. सकाळी एक काढायची, वाळलेली घडी करून आत घालायची आणि चेन लावून टाकायची.

"अगं, काढून ठेव की सगळं."

"ऱ्हाऊ दे. जायाचंच हाय."

गावी आता तिला कोण होतं? मी माझ्या कपाटातला एक खण रिकामा करून दिला. त्यात तिनं साधा कंगवासुद्धा ठेवला नाही. मग वाटलं, तिला स्वतःचं कपाट हवं. ते आलं की पिशवी रिकामी होईल आणि आई राहील. आणि कपाट कसलं घ्यायचं, याचा मला एक क्षणही विचार करावा लागला नाही.

गावात आई एका वकिलांकडे धुणं-भांडी करायची. शाळा सुटली की मी तिथंच जायचे. त्यांच्या मधल्या खोलीत एक सागवानी कपाट होतं, माणसापेक्षा उंच, वर वेल कोरलेली आणि मधल्या दाराला खालपर्यंत आरसा. त्या आरशासमोर फरशीवर बसून मी पाढे पाठ केले, कविता पाठ केल्या, पुढे बीजगणितही तिथंच सोडवलं. आमच्या घरी आरसा होता तो तळहाताएवढा. मी अख्खी कशी दिसते हे मला त्या कपाटानं सांगितलं. वकीलबाईंनी मला कधी ऊठ म्हटलं नाही. आपल्या मुलांची पुस्तकं वर्ष संपलं की त्या मला द्यायच्या, वर कव्हर घालून. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि त्या खोलीचे उपकार मी आजही मानते. बाईंनी कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा आणि जुन्या रेशमाचा वास यायचा, तेव्हा मी वाचता वाचता थांबायचे.

गौलीगुड्याच्या पुढे एका गल्लीत जुन्या लाकडी सामानाचं दुकान आहे. मोठी घरं पाडून अपार्टमेंट उभी राहतात, तिथलं सामान या दुकानात येऊन पडतं. तीन रविवार मी तिथं गेले. दुकानदार म्हातारे होते, दाढी पांढरी, बोलणं मिस्कील. मी एका चकचकीत कपाटासमोर रेंगाळले तर म्हणाले, "पॉलिश नक्को देखो मॅडम. पॉलिश तो मैं बी लगा लिया, तो दुल्हा दिखतूं. पीछे से देखो."

आणि खरंच, मागची पाठ प्लायची होती. त्यांनीच मला शिकवलं. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून सांधे बघायचे, पायाशी नखानं टोचून वाळवी बघायची, दार अर्धं उघडून सोडायचं आणि ते आपोआप फिरतं का ते पाहायचं. तिसऱ्या रविवारी आतल्या अंधाऱ्या बाजूला ते दिसलं. वर वेल होती, मधल्या दाराला आरसा होता. आरशाच्या कडेला काळे डाग पडले होते. मी दार उघडलं आणि नाक आत घातलं. वास उडून गेला होता, नुसतं लाकूड उरलं होतं. तरीही मी तिथून हलले नाही.

"आपके यहाँ था क्या ऐसा?" दुकानदारांनी विचारलं.

"हौ," मी म्हणाले. "हमारे यहाँच था."

का म्हणाले, कोण जाणे. बोलून गेले, आणि बरंही वाटलं.

कपाट लिफ्टमध्ये मावेना. चार माणसांनी ते जिन्यानं वर आणलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "केवढं हे!" ती म्हणाली. माणसं गेल्यावर तिनं कपाटाभोवती एक फेरी मारली. मग फडकं ओलं करून पिळून आणलं आणि पुसायला घेतलं. आधी वेल, मग कडा, मग दारं, शेवटी कागदानं आरसा. तिला कुठं काय पुसायचं हे शोधावं लागत नव्हतं. मी पलंगावर बसून बघत होते आणि माझे डोळे भरून आले होते.

"वकिलांकडच्यासारखंच आहे ना?"

"तसंच हाय," ती म्हणाली.

मी किल्ली तिच्या हातात दिली. तिनं ती देवापाशी नेऊन ठेवली.

तीन आठवडे ती रोज आंघोळीआधी कपाट पुसायची. पिशवी पलंगाखालीच होती. मी मनाशी म्हणायचे, नवी वस्तू आहे, तिला जपून वापरायची असेल. वाट दाखवावी म्हणून मीच माझ्या दोन रेशमी साड्या वरच्या खणात ठेवल्या.

एका सकाळी मी शिकवते त्या कॉलेजात कार्यक्रम होता आणि त्यातली हिरवी साडी सापडेना. उशीर होत होता. मी तिथूनच ओरडून विचारलं, "आई, कपाट उघडलं होतंस का गं?"

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. आई पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. खोली तिची होती.

"न्हाई," ती म्हणाली. "म्या हात बी लावला न्हाई आत. देवाशपथ."

मी हसायला लागले होते, पण तिचा चेहरा बघून थांबले. ती माझ्याकडे बघत नव्हती, फरशीकडे बघत होती.

"आई, अगं मी सहज विचारलं."

"त्या बी सहजच इचारायच्या."

साडी इस्त्रीवाल्याकडे होती, मीच दिलेली. त्या दिवशी मी कॉलेजात गेलेच नाही. आई हळूहळू बोलली, भाजी निवडत निवडत. वकिलांच्या घरात काही सापडेनासं झालं की पहिला प्रश्न तिला असायचा. रुमाल असो, कानातलं असो. कपाट उघडलं होतंस का?

"मग सापडायचं का?"

"सापडत आसंल की. मला कोन सांगायलंय? म्या आपली कामावर जायची आन् बाईंच्या तोंडाकडं बघायची. हसून बोलल्या की समजायचं, सापडलं."

"मला कधी बोलली नाहीस."

"कामून बोलू? तू थितं बसून शिकत व्हतीस. तू जायाची बंद झाली आसतीस." मग एक देठ मोडून म्हणाली, "बाई वाईट नव्हत्या गं. पुस्तकं कोन देतं?"

मी त्याच खोलीत बसलेली असणार, आरशासमोर, पुस्तकात डोकं घालून. तो प्रश्न मी ऐकलेला असणार. कितीही आठवून बघितलं तरी तो मला आठवत नाही.

पुढच्या रविवारी मी आईला दुकानात घेऊन गेले. दुकानदारांना म्हटलं, ते कपाट परत घ्या आणि बदल्यात आईला हवं ते द्या.

"क्या कसूर हुआ उसका?" त्यांनी आईला विचारलं. "अम्मा, वैसा आईना अब मिलताच नै."

आई माझ्याकडे वळली. "दार नसलेलं काई हाय का, इचार."

मी विचारलं. ते हसले. "बिना दरवाजे का? कपड़े सबको दिखते ना, अम्मा!"

"दिसू द्या," आई म्हणाली.

एका बंद पडलेल्या दवाखान्यातून आलेली उघडी मांडणी होती, चार फळ्यांची, औषधांच्या बाटल्या ठेवायची. आईनं ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली. डुगडुगत नव्हती. "हेच," ती म्हणाली.

मांडणी आली त्याच टेम्पोतून कपाट गेलं. संध्याकाळी आईनं पिशवी रिकामी केली. सात साड्या, परकर, वडिलांचा एक टॉवेल, औषधाचा डबा. सगळं फळ्यांवर लावलं आणि दारात जाऊन लांबून बघितलं. आता ती राहते. सणाला गावी जाते ती लहान पिशवी घेऊन, बाकीचं फळीवरच असतं. मला हवं होतं ते झालं.

तरी मधूनमधून मी त्या गल्लीत जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा कपाट पुढंच ठेवलेलं होतं. मी आरशात स्वतःला बघितलं, पदर सारखा केला आणि परत आले. मागच्या महिन्यात गेले तर जागा रिकामी होती. जुबिली हिल्सच्या कुणीतरी नेलं, दुकानदार म्हणाले.

त्या रात्री जेवताना आईनं आपणहूनच विचारलं, "इकलं का गं त्यायनं ते?"

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि तिला आणखी एक पोळी वाढली.