काढलेलं इंजिन

स्कूटर दुरुस्त होईपर्यंत गॅरेजच्या बाकावर बसून होतो. समोर एक जुनी, दोनच माणसं मावतील अशी लाल स्पोर्ट्स कार उभी होती. तिच्यात आज मोठं इंजिन बसवलं होतं. ते उंच निघालं, बॉनेट मिटेना, म्हणून बॉनेटलाच चौकोनी भोक पाडलं होतं. गाडीचा मालक खुशीत होता. त्याने नारळ फोडला, नव्या इंजिनाला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं.

काढलेलं इंजिन भिंतीशी, एका फाटक्या टायरवर पडलं होतं.

"हे बिघडलं होतं का?" मी विचारलं.

"छे हो! एकदाही रस्त्यात बंद पडलं नाही," मालक म्हणाला. "पण आता कमी पडतं."

मला उगाचच दमल्यासारखं झालं. परवाच ऑफिसात माझं काम एका हुशार मुलीकडे दिलं. साहेबही असेच, अगदी प्रेमाने बोलले होते. माझी चूक कुणीच काढली नाही. काढली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

गाडी गुरगुरली आणि लिंबू चिरडून रस्त्याला लागली. एवढ्या जोराला तिचे जुने ब्रेक पुरतील का, हे विचारायचाही मला कंटाळा आला होता.

निघताना पाहिलं, तर त्या काढलेल्या इंजिनावरही कुंकू होतं. बरं वाटलं. म्हटलं, चला, आठवण ठेवली कुणीतरी. मग जवळ जाऊन पाहिलं. तो टिळा नव्हता. मालकाने हाताला राहिलेलं कुंकू तिथे पुसलं होतं.