बाहेरचे बूट

"जूते उतारो."

कॅप्टन साहेब एवढंच म्हणाले. मी वाकले. मोजा रक्तानं बुटाला आतून चिकटलेला, बूट निघंना. प्लाटूनच्या सगळ्या पोरी रांगेत ताठ उभ्या, नजर समोर. शेवटी जोर लावून ओढला तसा मोजा बी संगं आला अन अंगठ्याचं नख बी. साहेबांनी बूट उचलून आत बघितलं. आत काळ्या शाईनं नाव लिहिलेलं. ऋतुजा.

"किसके हैं ये?"

मनात म्हणलं, ऋतुजाच सांगंल. माझ्या शेजारीच तर उभी होती.

ती बोलली. इंग्रजीत बोलली. हे बूट माझ्या सामानात होते सर, हिच्या पायात कसे आले मला माहीत नाही.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "इनको तो सब मुफ्त का चाहिए." रांगेत हसू फुटलं. दाबलेलं, पण फुटलं. मला फुटल्या पायापेक्षा ते लागलं.

चोर. मी! आयुष्यात कुणाच्या शेतातली बोरं तोडली न्हाईत मी.

नीट सांगते. लष्करात अधिकारी व्हायचं ट्रेनिंग होतं ते. पहिल्याच दिवशी सांगतात, अंगावर असंल ते सगळं सरकारनं दिलेलंच पाहिजे. बूट, पाठीवरचा पिट्टू, पाण्याची बाटली, समदं. हा नियम सगळे ऐकतात अन पाळत कुणी न्हाई. सीनियर पोरीच सांगतात, हलके बूट कुठल्या दुकानात मिळतात. चालायला बाहेरचे, तपासणीला सरकारी. शिकवणारे उस्ताद बघून न बघितल्यावानी करतात. मीच एकटी येडी. आमचे अप्पा परभणीजवळच्या झरीला प्राथमिक शाळेत मास्तर. नियम म्हंजे नियम, हे मला दुधातून पाजलेलं. त्यात बाहेरचा जोड घ्यायची ऐपत बी नव्हती, ते वेगळंच.

सरकारी बूट बाप्या माणसांच्या मापाचे. सगळ्यात लहान नंबर बी माझ्या पायात ढिला. दोन-दोन मोजे घालून चालले. जंगलातल्या कॅम्पला गेलो तोवर टाचा सोलून निघाल्या होत्या, अंगठ्याचं नख काळं पडलं होतं.

ऋतुजा परभणीची. मोठ्या डॉक्टरची पोरगी. सगळ्या ट्रेनिंगमधी परभणीकडच्या आमी दोघीच. दिवसभर कानावर हिंदी-इंग्रजी, अन रात्री शेजारच्या खाटेवरून ती म्हणायची, "काय करायलीस गं?" तेवढ्यानं मला घरी आल्यावानी वाटायचं. खरं सांगते, सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त जीव लावला मी तिला.

कॅम्पमधी तिनंच माझ्या टाचा बघितल्या. स्वतःच्या हातानं पट्टी बांधली. म्हणाली, "कशाला जीव द्यायलीस? हे घाल. माझ्याकडं अजून एक जोड हाय. आपण एकमेकीला न्हाई बघायचं तर कुणी बघायचं?" मी घातले. दुसऱ्या दिवशी अचानक तपासणी लागली. सगळ्यांनी झटपट बूट बदलले, तिनं बी. माझा एकटीचा बूट निघंना.

ती खोटं का बोलली, ते मला कळतं. ट्रेनिंगमधल्या पोरींत सगळ्यात वरच्या पदासाठी तिचं नाव चाललेलं. बाहेरचे बूट सामानात ठेवायला मनाई नव्हती, पण 'मी दिले' म्हणाली असती तर तिला बी शिक्षा होती. पण चोर म्हणाली की लगेच सगळ्यांना पटलं, ते कशामुळं? आमी बौद्ध, हे तिथं कुणाला मी सांगितलं नव्हतं. फक्त तिला सांगितलं होतं.

पाय बरा होईस्तोवर मला घरी पाठवलं. परत गेल्यावर चौकशी. चोरी ठरली की कायमची बाहेर.

अन परवा झरीत आमच्या दारात गाडी थांबली. ऋतुजाची आई. हातात नव्याकोऱ्या बुटांचा डबा. अप्पांनी घाईघाईनं खुर्ची पुसली. आईनं चहा टाकला. बाईनं चहा घेतला, वर म्हणाल्या, "आमच्यात असलं काही मानत नाही हं आम्ही." वा! चहा पिला म्हंजे पोरीला चोर म्हणायची मुभा मिळती काय?

मग मुद्द्यावर आल्या. "तू एवढंच सांग बाळा, न विचारता घेतले, परत करणार होते. ऋतुजा स्वतः तुझ्यासाठी शब्द टाकेल. तुझ्या मापाचे आणलेत बघ हे."

"तिनंच सांगावं ना, मी दिले म्हणून."

"अगं, तिचं किती नुकसान होईल!"

"अन माझं?"

"तुला काय गं, तुम्हाला कुठंही जागा मिळते."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "मॅडम, फौजेत राखीव जागा नसती. एक बी न्हाई. भरतीच्या निकालात मी तुमच्या पोरीच्या वर होते."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. तिकडून ऋतुजा. रडका आवाज. "ऐक ना गं. तू तर माझी हायस ना? एवढं कर माझ्यासाठी."

"आता बरं आपल्या बोलीत बोलायलीस," मी म्हणलं. "त्या दिवशी साहेबांसमोर खरं सांगायला का तोंड उचकटलं न्हाई? पट्टी बांधली तेव्हा मी तुझी, अन रांगेत कोण होते गं मी?"

मी फोन बाईंच्या मांडीवर ठेवला.

तेव्हा अप्पा बोलले. मान खाली घालून. "माय, मिटव ना. दोन शब्द बोलून टाक. अधिकारी होशील."

ऋतुजानं दगा दिला तेव्हा मी रडले नव्हते. अप्पांच्या ह्या बोलण्यानं रडू फुटलं. जलमभर आमाला ताठ उभं राहायला शिकवलं, अन आज डॉक्टरच्या बायकोसमोर हा माणूस वाकायला सांगायलाय.

"अप्पा, तुमी बी?" म्हणलं. "चोर म्हणून मला अधिकारी करायचंय तुमाला?"

डबा उचलला अन नेऊन गाडीत ठेवला. बाई मागून आल्या अन बसल्या. गाडी गेली. अप्पा अजून माझ्याशी बोलत न्हाईत.

उद्या मी निघायलेय. चौकशीत सांगणार, बाहेरचे बूट घातले, ही माझी चूक, तिची शिक्षा द्या. बूट ऋतुजानं दिले. तिचं नाव घेऊन सांगणार, तिच्या तोंडावर सांगणार. चोरीची माफी मागणार न्हाई, अर्ध्या शब्दानं बी न्हाई. माझा शब्द कुणी मानणार न्हाई, ठाऊक हाय मला. काढतील बहुतेक.

काढू द्या. वर दाद मागून चोरीचा डाग पुसून काढीन; परीक्षेला बसायचं वय हाय अजून. परत पास होईन, अन परत त्याच रांगेत जाऊन उभी राहीन.