०७२० वाजता उठलेला हात

सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरलेल्या एका तुकडीत मी सिग्नलमन होतो. माझे गाव हुमनाबादजवळचे निर्णा. तुकडी ज्या मुलखातून पूर्वेकडे जाणार होती तो माझ्या पायाखालचा होता. मराठी, कानडी आणि निजामाच्या शाळेतली उर्दू या तिन्ही भाषा मला येत होत्या. म्हणून वायरलेस सेटसह माझी नेमणूक आघाडीच्या गाड्यांबरोबर झाली. नेमणूक लेखी होती. तिची नक्कल आजही माझ्यापाशी आहे.

आघाडीचा ट्रक लान्स नायक गुरमुखसिंग चालवीत असे. तो पंजाबचा. त्याला लिहिता येत नव्हते. सोलापूरच्या छावणीत दर रविवारी दुपारी तो सांगे आणि त्याचे घरचे पत्र मी उर्दूत लिहीत असे. त्याचे वडील निवृत्त हवालदार होते; ते पत्र वाचून त्याच्या आईला ऐकवीत. पत्राचा शेवट तो नेहमी एकाच वाक्याने करी. "लिख दे, ये खत निर्णावाले ने लिखा है। गलती हो तो उसकी।"

हुमनाबादच्या पुढे एका छोट्या पुलाशी आम्ही ०७०० वाजता पोहोचलो. ०७१५ वाजता माझ्या सेटवर संदेश आला. "हॉल्ट. सॅपर येईपर्यंत पुलावर कोणी जाऊ नये. ओव्हर." मी तो आमच्या लेफ्टनंट साहेबांना सांगितला आणि ट्रकपाशी जाऊन गुरमुखसिंगला सांगितला. त्याने इंजिन बंद केले आणि मी रस्त्याच्या डावीकडे, चिंचेच्या सावलीत सेटपाशी परतलो. सॅपर म्हणजे सुरुंग शोधून काढणारे जवान. ते मागच्या गाड्यांत अडकले होते.

साहेब रस्त्याच्या उजवीकडे एका उंचवट्यावर चढले. त्यांनी दुर्बिणीतून पूल पाहिला. ०७२० वाजता त्यांनी उजवा हात मागून पुढे झुलवला. फौजेत या खुणेचा अर्थ एकच आहे: ॲडव्हान्स. गुरमुखसिंगने माझ्याकडे पाहिले. मी साहेबांकडे पाहिले. हात दुसऱ्यांदा झुलला. गुरमुखसिंगने गाडी सुरू केली.

पुढचे चाक पुलावर चढले आणि सुरुंग उडाला. गुरमुखसिंग जागीच गेला. साहेबांच्या मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला आणि त्यांना मागे इस्पितळात हलवण्यात आले.

पुढे कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला विचारण्यात आले, "०७१५ नंतर पुढे जाण्याचा हुकूम सेटवर आला होता काय?"

मी म्हणालो, "नाही, सर."

"डिसमिस."

मी सॅल्यूट करून बाहेर आलो. साक्षीदाराने विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर द्यावे, एवढा कायदा मला शिकवला होता आणि तो मी पाळला. इस्पितळातून साहेबांनीही लेखी कळवले की, सेटवरून आपण कोणताही हुकूम दिला नाही. तेही खरे होते. हाताविषयी कोणी कोणाला विचारले नाही.

मी फौज सोडून निर्ण्याला परतलो आणि शेती पाहू लागलो. हैदराबादच्या त्या पोलीस ॲक्शनला दोन वर्षे उलटल्यावर मला पंजाबातून उर्दूत एक पत्र आले. लिहिणारे गुरमुखसिंगचे वडील हवालदार हरनामसिंग होते. सोबत सरकारी निष्कर्षाची नक्कल होती. तीत लिहिले होते: ड्रायव्हरने थांबण्याचा हुकूम मोडून, स्वतःच्या मर्जीने गाडी पुढे नेली. त्यांच्या गावच्या गुरुद्वाऱ्यात लढाईत पडलेल्यांच्या नावांचा एक दगड आहे. गावकरी गुरमुखसिंगचे नाव त्यावर कोरायला निघाले होते. हरनामसिंगांनी स्वतः ते थांबवले होते. त्यांनी मला एकच प्रश्न केला होता. "तू वहाँ था। क्या ये सच है?"

त्या नकलेच्या खाली आधार म्हणून माझी साक्ष नमूद केलेली होती.

मला आलेला संताप अजून उतरलेला नाही. मी रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिले, उत्तर नाही म्हणून स्मरणपत्र लिहिले, त्याच्या वरच्या कार्यालयाला लिहिले. प्रत्येक पत्रात मी हेच मांडले की, माझे उत्तर खरे आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. सबब माझी साक्ष पुन्हा घ्यावी. दीर्घ काळाने चार ओळींचे उत्तर आले. साक्षीदाराचे उत्तर नोंदलेले असून प्रकरण बंद झाले आहे.

हरनामसिंगांना मी एवढेच कळवले की, हे सच नाही आणि उरलेले समक्ष सांगेन. पुढे दोन वर्षांनी त्यांचे पत्र आले. गावच्या यात्रेकरूंबरोबर ते पत्नीसह नांदेडला येत होते आणि तिथून नानक झिरा या गुरुद्वाऱ्याच्या दर्शनासाठी दोन दिवस बिदरला थांबणार होते. "घरवालों को साथ लाना," असे त्यांनी लिहिले होते.

मी, माझी पत्नी कस्तुरी आणि माझी आई असे तिघे निघालो. आईला आम्ही अव्वा म्हणत असू. ती गळ्यात इष्टलिंग धारण करणारी, पूजेवाचून पाणी न पिणारी आणि परक्या चुलीवरचे न खाणारी होती. तिने कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी धडप्यात बांधून घेतली होती. सडकेपर्यंत बैलगाडीने आणि तिथून बसने आम्ही बिदर गाठणार होतो.

बसमध्ये अव्वा म्हणाली, "गुरुद्वारा म्हंजे मठच की. मग तिथं जेवण कोण रांधायलंय?"

"तुम्ही दोन दिवसांची भाकर बांधून घेतलाव की, अव्वा," कस्तुरी म्हणाली. "मग इचारायलाव कामून?"

"इचारलं म्हून काय बिघडलं? ह्यो फौजेत काय काय खाऊन आला, ते म्या कधी इचारलं न्हाई."

कस्तुरी हसली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "त्यास्नी सगळं सांगणार हाव का? तुमच्या साक्षीचं बी?"

"व्हय."

अव्वाने ते ऐकले होते. ती म्हणाली, "त्या लेकराचा बाप मारंल तुला."

"मारू दे."

"मारू दे," अव्वा म्हणाली. "म्या मधी पडणार न्हाई."



दुपारी बाराच्या सुमारास आम्ही झिऱ्यापाशी पोहोचलो. तांबड्या खडकातून तिथे गोड पाण्याची धार येते. आम्ही हातपाय धुतले. मी डोक्याला रुमाल बांधला. दोघींनी पदर घेतला. हरनामसिंग एका लिंबाखाली बसले होते. पांढरी दाढी, ताठ पाठ. शेजारी गुरमुखसिंगची आई होती. मी सॅल्यूट केला. त्यांनी बसायला सांगितले नाही.

"बोल," ते म्हणाले.

मी ०७०० पासून सर्व क्रमाने सांगितले. त्यांनी मध्ये अडवले नाही. शेवटी विचारले, "साहब कितनी दूर?"

"पचास गज।"

"धूप किधर थी?"

"सामने।"

"धूप आँख में, और तूने हाथ देख लिया?"

"मैं सड़क पर नहीं था," असे सांगून मी त्यांना जागा आखून दाखवली. मी डावीकडे चिंचेच्या सावलीत, साहेब उजवीकडे उंचवट्यावर. ऊन आम्हा दोघांच्या मधल्या रस्त्यावर होते.

"कौन सा हाथ?"

"दाहिना।"

"कितनी बार?"

"दो बार।"

"दिखा।"

मी उजवा हात मागून पुढे झुलवला. दोनदा. यात्रेकरू थांबून पाहू लागले. हरनामसिंगांची नजर माझ्या हातावरून ढळली नाही.

"कोर्ट में क्यों नहीं बोला?"

"किसी ने पूछा नहीं।"

आता त्यांनी माझ्या हातावरची नजर काढली. मग म्हणाले, "मैं बीस साल फौज में था। मैं भी नहीं बोलता।" आणि थोड्या वेळाने, "ये अच्छी बात नहीं है।"

गुरमुखसिंगची आई पंजाबीत एक वाक्य बोलली आणि तिने तोंड फिरवले. हरनामसिंगांनी त्याचा अर्थ मला सांगितला नाही. मीही विचारला नाही.

त्यांनी पिशवीतून कागद काढला. "लिख। जो देखा, वो लिख। जो नहीं बोला, वो भी।"

मी तिथेच जमिनीवर बसून उर्दूत शपथपत्र लिहिले. स्थळ, वेळ, अंतर, हात. सेटवर हुकूम नव्हता, हातानेच होता. हे सांगण्यात माझी कसूर झाली. खाली सही केली. कस्तुरीने साक्षीदार म्हणून मोडीत सही केली, अव्वाने अंगठा उठवला. हरनामसिंगांनी कागद मोठ्याने वाचला आणि पत्नीपुढे धरला.

तिला वाचता येत नव्हते. पण ती अक्षरांकडे पाहत राहिली. मग तिने कमरेची गाठ सोडून एक कापडी बटवा काढला. त्यात सोलापूरहून गेलेली पत्रे होती. एक उलगडून तिने शपथपत्राशेजारी ठेवले आणि दोन्हींवरून बोट फिरवले. हस्ताक्षर एकच होते. तिच्यापाशी मुलाचे जे काही उरले होते, ते माझ्या अक्षरात होते.

तिने शपथपत्राची घडी घातली आणि बटव्यात त्या पत्रांच्या वर ठेवली. हरनामसिंग म्हणाले, "दगडावर कोरणाऱ्याला हे दाखवावे लागेल." ते पंजाबीतच म्हणाले, पण मला कळले. तिने मान हलवली आणि बटवा दिला नाही.

लंगरची हाक आली. तिने अव्वाचे मनगट धरले. अव्वाने पदराखाली इष्टलिंगाला हात लावला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि तिच्याबरोबर जाऊन पंगतीत जमिनीवर बसली. रोटी वाढली तशी दोन्ही हातांनी घेतली आणि खाल्ली. निघताना भाकऱ्यांचे धडपे तिने त्या माउलीच्या ओटीत ठेवले.

परतीच्या बसमध्ये कस्तुरी म्हणाली, "अव्वा, जेवलाव की तिथं."

"तिचं लेकरू गेलंय," अव्वा म्हणाली. "ती म्हणंल तिथं बसायचं."

पुढच्या वर्षी पोस्टकार्ड आले. दगडावर नाव कोरले गेले होते. शपथपत्र कोरणाऱ्याला दाखवायला गुरमुखसिंगची आई स्वतः गेली होती आणि ते परत घेऊनच घरी आली होती.

आमच्या तुकडीच्या, लढाईत पडलेल्यांच्या यादीत ते नाव अजून नाही. दर सप्टेंबरात मी रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पत्र पाठवतो. पोचपावत्या क्रमाने लावलेल्या आहेत. माझ्यामागे कोणी ही फाइल उघडली तर पहिल्या पानावर पुढील मजकूर सापडेल.

लान्स नायक गुरमुखसिंग, ड्रायव्हर. हुकूम मिळाला म्हणून पुढे गेला. हुकूम मी पाहिला. हे निर्णावाल्याने लिहिले आहे. चूक असेल ती त्याची.