वन्संच्या पापण्या

पापण्यांची एवढी इज्जत राखणारी बाई अख्ख्या औरंगाबादेत दुसरी झाली नसेल. पापण्या वळवायचा चिमटा कोणता घ्यावा, असे तुम्ही दोघींनी फोनवर विचारलेत आणि मला तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझ्या वन्सं, आठवल्या. पैठणच्या शाळेत शिकवायला त्या रोज सकाळच्या एसटीने जात. पण पापण्या वळवल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. "बस चुकली तर दुसरी येते. पापणी तुटली तर महिनाभर वाट बघा."

त्या दिसल्या की गुलमंडीवरच्या दुकानदाराला घाम फुटे. चिमट्याची कमान मिटल्या डोळ्यावर टेकवून बघत. कोपऱ्यात कातडी चिमटली की नापास. मग कागदाच्या कपट्यावर दाबत. कागद वाकला तर ठीक, चिरला तर परत. "आपा, चिमटा लेना है के मोटर?" तो एकदा वैतागून म्हणाला. "मोटारीत डोळा नाय घालावा लागत, भाईजान!" रबर झिजले की सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणून, कापून बसवत. रीतही ठरलेली होती: पापण्या कोरड्या हव्यात, काजळाच्या आधी, मुळाशी हलकेच दाबायचे, ओढायचे नाही. काजळ घालून मग चिमटा लावणारीला त्या सरळ कसाई म्हणत.

पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका लग्नात त्यांनी नवरदेव समजून बँडवाल्याला तोंड भरून आशीर्वाद दिला. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन लगेच करायला हवे, नाहीतर डोळा जाईल, असे डॉक्टर म्हणाले. पण आधी पापण्या कापाव्या लागतील. तेव्हा तशी पद्धत होती. "डोळा गेला तर जाऊ द्या, साहेब," म्हणून वन्सं उठून घरी आल्या. कुणाचे ऐकेनात. एके सकाळी त्यांनी कपाऐवजी स्वतःच्या हातावर चहा ओतला. फोडावर मलम लावताना मी म्हणाले, "वन्सं, एवढ्या वळवता, पण तुम्हाला त्या दिसतात का?"

"नाय दिसत. बोटाला लागतात." मग डोळे बारीक करून माझ्याकडे बघितले. "तुझं तोंडबी आताशा धुरकट दिसतं."

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात निघाल्या, पापण्या नीट वळवून. "अहो, आता कशाला?" मी म्हणाले. "कापणाऱ्याला कळू दे, काय कापतोय ते!"

पट्टी सुटली तेव्हा एका डोळ्यावर कमान, दुसऱ्यावर मैदान. आरसा मागतील म्हणून मी तो पर्समध्ये घेऊन गेले होते. त्यांनी मागितला नाही. त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. तुमचे आजोबा जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

"किती वाळलीस गं! मला वाटायचं, तू बरी हाईस."

घरी आल्यावर त्यांनी मला खिडकीशी बसवले आणि चिमटा काढला. "माझ्या येतील तवा येतील. तोवर तुझ्या. हलू नकोस." मी हलले नाही, पण डोळे वाहू लागले. पापण्या कोरड्या लागतात, म्हणून चिमटा हातात धरून त्या माझ्यासमोर बसून राहिल्या. घाई केली नाही.

तो चिमटा आता माझ्याकडे आहे. कपट्याच्या परीक्षेत अजून पास होतो. सकाळी खिडकीशी बसून मी पापण्या वळवते, आणि दाबण्याआधी सवयीने जरा थांबते, कुणीतरी "हलू नकोस" म्हणेल म्हणून.